पन्नाशीनंतरचा एचआयव्ही आणि मंदावणारी बुद्धी

एप्रिल २००४ मध्ये देशातील आठ शासकीय रुग्णालयांतून एचआयव्हीविरोधी औषधे मोफत मिळू लागली, तेव्हा त्या योजनेपुढे एकच उद्दिष्ट होते : रुग्णाचा जीव वाचवणे. औषधांवर जगलेला माणूस पुढे म्हातारा होईल आणि त्याला म्हातारपणाचे आजारही जडतील, हा विचार त्या वेळी कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. त्या वर्षी पस्तिशीत असलेले आणि उपचारांमुळे तगलेले स्त्री-पुरुष आज पन्नाशीच्या उत्तरार्धात आहेत. मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू, गुडघेदुखी हे सारे त्यांनाही इतरांप्रमाणेच गाठत आहे आणि त्याची दखलही घेतली जाते. एका तक्रारीची नोंद मात्र क्वचितच होते. ती म्हणजे विस्मरण, गोंधळ आणि विचारांना आलेले जडत्व.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख एचआयव्हीबाधित होते. त्यांपैकी सुमारे ३ लाख ९४ हजार महाराष्ट्रात, म्हणजे इतर कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय हे ‘घाटी’ या नावानेच सर्वांना परिचित आहे. १९५६ मध्ये सुरू झालेले हे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले रुग्णालय मराठवाड्यातील गोरगरिबांचा मोठा आधार आहे. तेथील एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचार केंद्रातून, बाधितांना नियमित औषधे मिळतात. याच घाटीत वृद्धांच्या आजारांसाठी स्वतंत्र विभागही आहे. अशी सोय राज्यातील फारच थोड्या शासकीय रुग्णालयांत आढळते. एकाच आवारातील या दोन विभागांचा रुग्ण एकच असू शकतो, हे ध्यानात घेतले तर पुढील विषयाचे महत्त्व सहज पटते.

एचआयव्हीच्या अभ्यासात वय वर्षे ५० पासून पुढची व्यक्ती ‘वयस्क’ मानली जाते. शासनाच्या लेखी ज्येष्ठ नागरिक ठरायला मात्र ६० वर्षे पूर्ण व्हावी लागतात. परिणामी ५४ वर्षांचा एखादा बाधित मनुष्य एआरटी केंद्राच्या दृष्टीने ‘स्थिर रुग्ण’ असतो, वृद्धोपचाराच्या दृष्टीने अद्याप तरुण असतो आणि घरच्यांच्या दृष्टीने नुसता विसरभोळा झालेला असतो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर साठीच्या आधीच लावली जाते आणि चौकशी तेथेच संपते.

विस्मरण, पण वेगळ्या प्रकारचे

स्मृतिभ्रंश म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अल्झायमरचा रुग्ण उभा राहतो. सकाळी जेवल्याचे दुपारी न आठवणारा, नातवाचे नाव विसरणारा, घरचा रस्ता चुकणारा. एचआयव्हीमुळे होणारा ऱ्हास बहुधा असा नसतो. येथे सर्वांत आधी मंदावतो तो विचारांचा वेग. प्रश्न समजतो, उत्तरही ठाऊक असते, पण ते ओठांवर यायला वेळ लागतो. दोन कामे एकाच वेळी सांभाळणे अवघड होते. भाजी फोडणीला टाकून फोनवर बोलणारी गृहिणी भाजी करपवते. आठवडी बाजारात तीन जिनसांचा हिशेब जुळवताना अडखळायला होते. सिडको बसस्थानकावर एक गाडी सोडून दुसरी धरायची तर त्या बेताचाच गोंधळ उडतो. हातांची चपळाई कमी होते. सुईत दोरा ओवणे, शर्टाची गुंडी लावणे, पासबुकावर नेहमीसारखी सही करणे या गोष्टींना पूर्वीपेक्षा वेळ लागतो.

आठवणींच्या बाबतीतही एक फरक आहे. अल्झायमरमध्ये नवी माहिती मेंदूत नीट साठवलीच जात नाही. त्यामुळे खूण सांगूनही ती आठवत नाही. एचआयव्हीच्या रुग्णात माहिती अनेकदा साठवलेली असते, ती वेळेवर बाहेर काढता येत नाही, एवढेच. ‘एक प्राणी होता’ असे सुचवले की ‘हां, कुत्रा’ हे उत्तर मिळते. शिवाय अल्झायमर सतत एकाच दिशेने वाढत जातो, तर एचआयव्हीशी निगडित ऱ्हास अनेकदा वर्षानुवर्षे आहे तसाच राहतो, कधी कमी-जास्त होतो, तर योग्य उपचारांनी काही अंशी भरूनही निघतो. हा भेद केवळ पुस्तकी नाही. ‘आता काही होणार नाही’ असे म्हणून ज्याला घरी बसवले जाते, त्याच्यासाठी बरेच काही करता येण्यासारखे असते.

या लक्षणांना आणखी एक लक्षण येऊन मिळते, ते म्हणजे निरुत्साह. माणूस गप्प होतो, पूर्वी ज्यात रस होता त्यातून मन काढून घेतो. घरच्यांना तो आळस वाटतो, शेजाऱ्यांना म्हातारचळ वाटतो. डॉक्टरला ते नैराश्य वाटू शकते, आणि अनेकदा तेही असतेच.

नावांचा प्रवास

१९८६ मध्ये अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांनी एड्सच्या रुग्णांतील स्मृतिभ्रंशाचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा तो शेवटच्या टप्प्याचा आजार होता. रुग्ण काही महिन्यांत अंथरुणाला खिळत असे. १९९६ नंतर तीन औषधांचा एकत्रित उपचार रूढ झाला आणि तो तीव्र प्रकार झपाट्याने कमी झाला. सौम्य प्रकार मात्र उरले. २००७ मध्ये तज्ज्ञांनी त्यांची तीन पायऱ्यांत विभागणी केली : चाचणीत दिसणारा परंतु रोजच्या जगण्यात न जाणवणारा ऱ्हास, दैनंदिन कामात थोडी अडचण आणणारा ऱ्हास आणि पूर्ण स्मृतिभ्रंश. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील १,५५५ बाधितांच्या मोठ्या पाहणीत ५२ टक्के जणांच्या चाचण्यांत काही ना काही उणेपण आढळले. पूर्ण स्मृतिभ्रंश मात्र साधारण दोन टक्क्यांतच होता. या आकड्यांपैकी पहिलाच आकडा जगभर गाजला. दुसरा अधिक दिलासा देणारा होता, पण त्याची चर्चा कमी झाली.

मेंदूत नेमके काय घडते

संसर्ग झाल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, फार तर आठवड्यांत, हा विषाणू मेंदूत पोहोचतो. रक्तातील घातक द्रव्ये मेंदूत जाऊ न देणारा एक नैसर्गिक अडसर असतो. बाधित पांढऱ्या पेशी तो ओलांडतात आणि विषाणूही त्यांच्यासोबत आत शिरतो. विशेष म्हणजे ज्या चेतापेशींच्या जोरावर माणूस विचार करतो, त्यांना हा विषाणू सहसा थेट बाधित करीत नाही. तो ठाण मांडतो मेंदूतील संरक्षक पेशींत. त्या पेशी चेतवल्या जातात, दाह निर्माण करणारी द्रव्ये स्रवतात आणि शेजारच्या चेतापेशींची हानी त्या द्रव्यांमुळे होते. मेंदूच्या खोल भागातील, हालचाल आणि विचारांचा वेग सांभाळणारी केंद्रे यात विशेष सापडतात. वर वर्णिलेला मंदपणा आणि हातांतील शैथिल्य तेथूनच येते.

औषधांमुळे रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला तरी हा दाह पूर्णपणे शमत नाही. मंद निखाऱ्यासारखा तो धुमसत राहतो. क्वचित असेही घडते की रक्तात विषाणू सापडत नाही, पण मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात तो आढळतो. पुण्यातील डॉक्टरांनी २०१८ मध्ये अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. तेव्हा रक्ताचा अहवाल उत्तम असूनही बुद्धीत नव्याने आणि वेगाने बदल जाणवू लागला, तर पाठीच्या कण्यातून तो द्रव काढून तपासण्याचा विचार करावा लागतो.

आणखी एक जुना हिशेब येथे लागू होतो. उपचार सुरू होण्यापूर्वी सीडी४ पेशींची संख्या किती खाली गेली होती, यावर पुढील काळातील बौद्धिक हानीचा धोका काही प्रमाणात अवलंबून असतो. भारतात २००४ मध्ये मोफत औषधे सुरू झाली तेव्हा सीडी४ संख्या २०० च्या खाली गेल्याखेरीज, किंवा आजार बळावल्याखेरीज, औषध सुरू केले जात नसे. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि निदान होताच उपचार हे धोरण २०१७ मध्ये आले. आज पन्नाशी-साठीत असलेल्या अनेकांनी तो प्रतीक्षेचा काळ सोसलेला आहे. त्या काळाचे ओझे त्यांच्या मेंदूवर अजून असू शकते. २०१७ नंतर निदान झालेल्या तरुणांवर ते त्या प्रमाणात नसेल.

भारतीय विषाणूचा वाद आणि पुण्याचे संशोधन

भारतात आढळणारा एचआयव्ही बहुतांशी ‘सी’ उपप्रकारातील आहे. अमेरिका आणि युरोपात ‘बी’ उपप्रकार अधिक. भारतीय रुग्णालयांतून एड्सजन्य स्मृतिभ्रंशाचे रुग्ण फारसे नोंदले जात नव्हते, तेव्हा ‘आपल्याकडचा विषाणू मेंदूला सौम्य’ असा तर्क पुढे आला. त्याला प्रयोगशाळेतून आधारही मिळाला. ‘सी’ उपप्रकारातील ‘टॅट’ नावाच्या प्रथिनात एका जागी छोटा बदल असतो आणि त्यामुळे पांढऱ्या पेशींना आकर्षित करण्याची त्याची शक्ती उणावते, असे बंगळुरूतील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिले.

तर्क आकर्षक होता, पण प्रत्यक्ष रुग्णांना चाचण्या दिल्यावर चित्र बदलले. दक्षिण भारतातील ‘सी’ उपप्रकाराच्या बाधितांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून अधिक जणांत सौम्य ते मध्यम स्वरूपाची बौद्धिक उणीव आढळली. ते लोक कामधंदा करीत होते, स्वतःहून तक्रार करीत नव्हते. म्हणूनच रुग्णालयाच्या नोंदीत ते दिसत नव्हते. स्मृतिभ्रंश नोंदला गेला नाही याचा अर्थ तो नव्हता असा होत नाही. बाह्यरुग्ण विभागात शंभर माणसांची रांग असताना ‘पूर्वीसारखे डोके चालते का’ हे विचारायला सवड नसते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या विषयाचे पायाभूत काम पुण्यात झाले. १९९२ मध्ये स्थापन झालेली, भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था ‘नारी’ या लघुनावाने परिचित आहे. अलीकडे तिचे नाव नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी अँड एड्स रिसर्च असे झाले आहे. पुण्यातील बाधित आणि अबाधित अशा दोन्ही गटांना चाचण्या देऊन केलेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापुढचा, उपचार सुरू केल्यानंतर बुद्धीत काय फरक पडतो हे पाहणारा अभ्यास २०१५ मध्ये आला आणि उपचारांनी सुधारणा होते असे त्यात दिसले. सर्वांत कुतूहलाचा अभ्यास मात्र निरोगी माणसांचा होता. मराठीबरोबर हिंदीही सराईतपणे बोलणाऱ्यांचे चाचण्यांतील गुण केवळ त्या द्विभाषिकतेमुळे बदलतात का, याचा शोध पुण्यातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह घेतला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु घरी मराठी, बाजारात हिंदी आणि गल्लीत दखनी उर्दू ऐकणाऱ्या छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात तो अगदी मूलभूत आहे. चाचणी कोणत्या भाषेत घ्यावी, हेच ठरले नसेल तर मिळालेल्या गुणांचा अर्थ काय लावणार?

चाचणीपुढची अडचण

सर्वांत सोपी प्राथमिक चाचणी २००५ मध्ये तयार झाली आणि ती अमेरिका व युगांडा या दोन्ही ठिकाणी पडताळली गेली. तिला कागद-पेन्सिल फारशी लागत नाही. रुग्णाला चार शब्द ऐकवले जातात. मग अंगठा आणि तर्जनी शक्य तितक्या वेगाने पाच सेकंद एकमेकांवर आपटायला सांगतात. नंतर टेबलावर मूठ, मग तळहात, मग हाताची कड अशा क्रमाने हालचाल करायची असते. शेवटी ते चार शब्द आठवायचे. एकूण १२ गुण. १० किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर पुढील तपासणी करावी असा संकेत आहे. पाच मिनिटांत, समुपदेशकालाही घेता येईल अशी ही चाचणी आहे. पण ती फक्त चाळणी आहे, निदान नव्हे. सौम्य ऱ्हास तिच्यातून निसटतो, आणि कमी शिकलेल्या निरोगी माणसालाही ती संशयित ठरवू शकते.

मराठवाड्यातील साठीच्या पुढच्या किती तरी स्त्रियांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही. घड्याळाचे चित्र काढा, १०० मधून सातसात वजा करत जा, असली कामे त्यांना दिली तर अपयश बुद्धीचे की संधीचे, हे सांगता येत नाही. निरक्षरांसाठी योग्य ठरेल अशी हिंदी चाचणी हरियाणातील बल्लभगड परिसरात १९९० च्या दशकात तयार झाली होती. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्मृतिभ्रंशासाठी चाचण्यांचा संच विकसित केला. सुरुवातीला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत तयार झाला. कोट्यवधी लोक बोलतात त्या मराठीचे नाव त्या यादीत नव्हते.

मोजमापाविषयी जागतिक पातळीवरही फेरविचार झाला आहे. २००७ च्या व्याख्या काटेकोर लावल्या तर पूर्णपणे निरोगी लोकांपैकीही साधारण २० टक्के ‘बाधित बुद्धीचे’ ठरतात, हा आक्षेप २०११ पासून घेतला जात होता. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने नवी शिफारस केली : केवळ चाचणीत गुण कमी पडले म्हणून कोणाला आजारी ठरवू नये, रुग्णाची किंवा जवळच्यांची तक्रार, चाचणीतील निष्कर्ष आणि इतर कारणांचा शोध हे तिन्ही एकत्र पाहावे, आणि विषाणूने थेट केलेली मेंदूची इजा ही इतर कारणांपासून वेगळी ओळखावी. ही भूमिका रास्त वाटते. आधीच एका आजाराचा शिक्का कपाळी घेऊन जगणाऱ्या माणसावर ‘वेडसर’ हा दुसरा शिक्का चुकून मारण्याची किंमत फार मोठी असते.

वय, रक्तवाहिन्या आणि औषधे

हवाई बेटांवरील एका पाहणीत पन्नाशीपुढील बाधितांना स्मृतिभ्रंशाची शक्यता २० ते ३९ वयोगटातील बाधितांच्या सुमारे तिप्पट आढळली. ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतातील साठीपुढील सर्वसाधारण लोकसंख्येत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के असल्याचा, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक बाधित असल्याचा, अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रिया, निरक्षर आणि ग्रामीण भागातील लोक यांच्यात ते अधिक होते. एचआयव्हीसह म्हातारी होणारी ग्रामीण विधवा या तिन्ही गटांत एकाच वेळी मोडते.

उपचार सुरळीत चालू असलेल्या रुग्णात आज बुद्धीला सर्वांत मोठा धोका विषाणूपेक्षा रक्तवाहिन्यांकडून असतो, हे मत आता बळकट झाले आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि विडी यांनी मेंदूतील बारीक वाहिन्या निकामी होतात. एचआयव्हीच्या दाहाने ती प्रक्रिया आणखी वेगवान होते. पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचे औषध ४० ते ७५ वयाच्या बाधितांना दिल्यास हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या गंभीर घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होतात, असे ७,७६९ जणांवरील चाचणीत २०२३ मध्ये सिद्ध झाले. म्हणून एआरटी केंद्रात येणाऱ्या पन्नाशीपुढील प्रत्येकाचा रक्तदाब मोजणे आणि साखर तपासणे हा मेंदूच्याही रक्षणाचा भाग ठरतो.

त्यानंतर येतात भरून काढता येण्याजोगी कारणे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंदगती, रक्तक्षय, सिफिलिस, नैराश्य, दारू, निद्रानाश आणि ऐकू कमी येणे यांपैकी प्रत्येक गोष्ट बुद्धी मंद झाल्याचा भास निर्माण करू शकते, आणि प्रत्येकीवर इलाज आहे. गोंधळ काही दिवसांत वा आठवड्यांत वाढला, सोबत ताप, डोकेदुखी, उलटी, झटके किंवा एका बाजूची कमजोरी असली, तर ती वार्धक्याची गोष्टच नव्हे. क्षयाचा किंवा बुरशीचा मेंदूज्वर, टॉक्सोप्लाझ्मा अशा आजारांची ती चिन्हे असू शकतात आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

औषधांचा इतिहासही विचारात घ्यावा लागतो. पहिल्या काळातील स्टॅव्ह्युडिनने अनेकांच्या पायांतील नसांना इजा केली. आजही त्यांची चाल अडखळते आणि पडण्याची भीती असते. पुढे वर्षानुवर्षे रात्री घेतल्या जाणाऱ्या इफाविरेन्झने चक्कर, विचित्र स्वप्ने आणि उदासीनता असे त्रास काहींना दिले. २०२० नंतर देशातील बहुतेक रुग्णांना डोल्युटेग्राव्हिरयुक्त गोळी मिळू लागली. ती अधिक सुसह्य आहे, परंतु वयस्कांनी तिच्याबाबत दोन-तीन गोष्टी सांभाळाव्यात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचे रक्तातील प्रमाण तिच्यामुळे वाढते, म्हणून त्याची मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी रिकाम्या पोटी तिच्याबरोबर घेतली तर तिचा परिणाम घटतो. जेवणाबरोबर एकत्र चालतात, अन्यथा डोल्युटेग्राव्हिर दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. क्षयावरील रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिरची मात्रा दुप्पट करावी लागते. आणि सर्दी-खाज यांसाठी दुकानातून परस्पर घेतल्या जाणाऱ्या क्लोरफेनिरामिनसारख्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढतो, ही साधी बाब फार थोड्यांना ठाऊक असते.

गुपित सांभाळणारी स्मृती

वैद्यकीय बाजू येथवर. खरी कोंडी घरात होते. या पिढीतील असंख्य लोकांनी आपला आजार वीस-वीस वर्षे लपवला आहे. जवळचे केंद्र टाळून दूरच्या गावी औषधाला जाणे, गोळ्या धान्याच्या डब्यात ठेवणे, मुलांना ‘रक्तदाबाची गोळी’ म्हणून सांगणे, सुनेला कळू न देणे : हे सारे सांभाळायला तल्लख स्मरणशक्ती लागते. तीच ढासळू लागली की गोळी चुकते किंवा दोनदा घेतली जाते, तारीख विसरली जाते. गोळ्या चुकल्या की विषाणू वाढतो, विषाणू वाढला की मेंदूची हानी वाढते. स्थिर रुग्णांना एकदम तीन महिन्यांपर्यंतची औषधे देण्याची सोय झाली आहे. तिने एसटीचे भाडे आणि मजुरीचा दिवस वाचतो, यात शंका नाही. पण पूर्वी दर महिन्याला समुपदेशकाच्या नजरेस पडणारा माणूस आता तीन महिन्यांनी पडतो. वर्षातून एकदा होणारी विषाणूभाराची तपासणी बिघडलेली दिसेपर्यंत कोणाला काही कळत नाही.

अशा वेळी घरातील एका तरी व्यक्तीला सांगावे लागते, आणि कोणाला सांगायचे हा निर्णय रुग्णाचाच असतो. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीवाचून त्याची बाधा कोणालाही सांगता येत नाही, हा त्याचा गाभा आहे. उपचारांसाठी आवश्यक असेल तेव्हा एका आरोग्यसेवकाने उपचारात सहभागी असलेल्या दुसऱ्याला ती माहिती देण्याची मुभा मात्र कायद्यात आहे. तेव्हा एआरटी केंद्राने वृद्धोपचार, मनोविकार किंवा औषधवैद्यक विभागाकडे रुग्ण पाठवताना गोपनीयतेची सबब आड येऊ नये. मुलाला किंवा सुनेला सांगण्याची मुभा त्यात नाही. त्यासाठी रुग्णाची संमतीच हवी. ही संमती मिळवण्याचे काम समुपदेशकाचे आहे आणि ते एका भेटीत उरकत नाही.

ज्या घरात विश्वासाचे माणूस मिळते, तेथे पुढची व्यवस्था अवघड नसते. वारांचे खण असलेली गोळ्यांची डबी, रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या कामाला, म्हणजे सकाळच्या चहाला किंवा संध्याकाळच्या दिवाबत्तीला, जोडलेली गोळीची वेळ, मोबाइलचा गजर, दारामागे मोठ्या अक्षरात टांगलेली पुढच्या तारखेची पाटी. अक्षरओळख नसेल तर दिनदर्शिकेवर कुंकवाचे बोट. चालणे-फिरणे, भजनी मंडळ, मशिदीतील किंवा बुद्धविहारातील उठबस, शेतातले हलके काम यांनी बुद्धीला चालना मिळत राहते. एकटेपणाने ती अधिक वेगाने मंदावते. पन्नाशी ओलांडलेल्या बाधिताने औषध घ्यायला गेल्यावर ‘हल्ली विसरायला होते’ हे शब्द स्वतःहून उच्चारावेत, कारण ते विचारले जातीलच असे नाही. एचआयव्हीविषयक माहितीसाठी १०९७, मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हे निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहेत.

आणखी एका तरतुदीची माहिती एआरटी केंद्रांच्या फलकावर असायला हवी. २०१७ च्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आहे, प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे. पुढे स्मृती किंवा विचारशक्ती ढळली तर उपचारांच्या निर्णयात हा प्रतिनिधी मदत करतो. तो नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. मैत्रीण, शेजारी, बाधितांच्या गटातील सहकारीही चालतो. त्यासाठी मुद्रांकाचा कागद लागत नाही. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला तरी पुरतो, आणि तो पुढे बदलताही येतो. फक्त हे लिहून देताना बुद्धी शाबूत असावी लागते.